आधी पाण्याची बाटली बघा
तिसरीतल्या मुलाचं वजन २२ किलो धरा. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको, असं राज्य सरकारने २०१५ मध्येच शासन निर्णय काढून सांगितलंय. म्हणजे त्याच्या वाट्याला २.२ किलो. आता भरलेली लिटरभर पाण्याची बाटली काट्यावर ठेवा. एक किलो तिथेच संपला. रिकामी सॅक, डबा, कंपासपेटी धरली की उरलेलंही गेलं, आणि पुस्तक अजून एकही भरलेलं नाही! म्हणून माझा आग्रह वह्यापुस्तकांआधी पाण्याचा आहे. पालकसभेत गुणांची चौकशी जरूर करा, पण शाळेतली टाकी शेवटची कधी धुतली, फिल्टर कधी बदलला, हेही विचारा. तिथलं पाणी भरवशाचं असेल तर पोर रिकामी बाटली घेऊन जाईल. पुस्तकांचे प्रयोग झाले. बालभारतीने २०२३ मध्ये कोरी पानं जोडून चार भागांतली पुस्तकं काढली, पुढे ती पानं काढून टाकली. शासन काय करायचं ते करो, रोजचं दप्तर आपल्याच घरात भरलं जातं. जाडजूड पुस्तक पाठीला लागून ठेवा, दोन्ही पट्टे खांद्यांवर घ्यायला लावा, सॅक कमरेखाली लोंबू देऊ नका. आणि रात्री वेळापत्रक समोर घेऊन मुलासोबत बसा. तळातून मागच्या महिन्यातली चित्रकलेची वही, दोन गाइडं आणि एखादा दगडही निघेल. दगड त्याला विचारूनच बाहेर काढा.