जुन्या मोटारीस नवा वाटाड्या

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली, निगुतीने वापरलेली मोटार आज पुष्कळ घरांच्या दारांत उभी आहे. तिचे इंजिन खणखणीत आहे व वडील मंडळींचा हात तिच्यावर बसलेला आहे. उणीव एवढीच, की तिच्यात वाट दाखविणारा पडदा नाही. शेजारच्या नव्या मोटारीत तो दिसू लागला, की धाकटी मंडळी म्हणतात, ही काढून टाका. एवढ्या एका उणिवेपायी लाखांनी रुपये मोजावेत, असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

कारण वाट दाखविण्याचे काम मोटार करीतच नाही. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह अखंड वेळेचे संकेत पाठवीत असतात. त्यांपैकी निदान चारांचे संकेत मिळाले, म्हणजे ते पोचण्यास लागलेल्या काळावरून ग्राहकयंत्र आपले ठिकाण काढते. सामान्य लोकांच्या वाट्यास येणाऱ्या संकेतांत अमेरिकन सरकार पूर्वी जाणूनबुजून चूक मिसळीत असे; ती मे २००० मध्ये बंद झाली. असे ग्राहकयंत्र आपल्या खिशातील फोनमध्ये असतेच. त्यास इंटरनेट लागत नाही. ते लागते नकाशा उतरवून घेण्यास व रहदारीची वार्ता कळण्यास. म्हणून घाटातून किंवा आडवळणाच्या गावी जावयाचे असेल, तर त्या टापूचा नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून ठेवावा.

तेव्हा पहिला व बहुतेकांस पुरेसा उपाय म्हणजे घट्ट पकडीचा होल्डर आणि लायटरच्या खाचेत बसणारा चार्जर. होल्डर मात्र विचारपूर्वक बसवावा. समोरच्या काचेवर मधोमध चिकटविला, तर रस्ता झाकला जातो आणि वैशाखातील उन्हात फोन तापून ऐन चौकात आपण होऊन बंद पडतो. एसीच्या जाळीवर लावल्यास त्यास गार हवा मिळते. जाळीची पाती नाजूक असल्यास जड फोनाने ती मोडतात. एअरबॅगच्या झाकणावर तर काहीच बसवू नये. कायद्याचेही येथे म्हणणे आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या नियमानुसार मोटार चालविताना फोनचा उपयोग केवळ वाट पाहण्यापुरता, व तोही चालकाचे चित्त विचलित होणार नाही अशा रीतीनेच करता येतो. पत्ता घालावयाचा तो मोटार उभी असताना, किंवा शेजारी बसलेल्याने.

ज्यांचा जुना रेडिओ-सेट बिघडला आहे, त्यांनी त्याच जागी पडद्याचा सेट बसविण्यास हरकत नाही. जुन्या मोटारींतील खण बहुधा १८० मिलिमीटर रुंद असतो. उंची एकेरीची ५० व दुहेरीची १००. दुकानात जाण्यापूर्वी ही मापे घ्यावीत. स्वतःचाच नकाशा पोटात बाळगणारे स्वस्त सेट आम्ही सुचविणार नाही. नकाशा शिळा होतो व सेट मंदावतो. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालणारा सेट घ्यावा, म्हणजे नकाशा फोनचा आणि पडदा तेवढा मोटारीचा.

खरी परीक्षा असते ती फिटरची. तो मूळच्या तारा कापून जोडू लागला, तर थांबवावे व त्या मोटारीचा कपलर मागावा; जुना सेट पुन्हा बसवावयाचा झाल्यास तो तसाच बसतो. सतत येणारी वीज आणि किल्लीबरोबर येणारी वीज यांच्या तारा निराळ्या असतात. त्यांची गल्लत झाली, तर सेट रात्रंदिवस बॅटरी पीत राहतो. सेटबरोबर जीपीएसच्या अँटेनाची काळी डबी आली असल्यास ती मागे कोंबू न देता काचेजवळ, आकाशाकडे तोंड करून ठेववावी. आणखी एक तार हँडब्रेकला जोडावयाची असते. मोटार उभी असेल तेव्हाच पडद्यावर चित्रपट दिसावा, हा तिचा हेतू. मुलांच्या हट्टाखातर पुष्कळ फिटर ती तार भलतीकडेच जोडून देतात. तसे करू देऊ नये.

इतके सारे नीट बसले, तरी वाटाड्या डोळस होत नाही. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यातील कोतूळजवळ नकाशाच्या सांगण्यावरून रात्री निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि एकाचा जीव गेला. नकाशावर पूल होता, पाणी नव्हते. म्हणून रात्री किंवा पावसाळ्यात पडदा मुख्य रस्ता सोडावयास सांगू लागला, की मोटार थांबवून चहाच्या टपरीवर विचारावे. चालकाशेजारची जागा झोपाळू माणसास देऊ नये, हेही आलेच.

एकत्र कुटुंबाच्या मोटारीत आणखी एक भानगड उद्भवते. ती आज काका चालवितात, उद्या भाचा. आणि सेटने ओळख करून घेतलेले फोन चार-पाच होतात. मग मोटार सुरू होताच सेट आपल्या मर्जीने एकाचा फोन जोडून घेतो, व मागे बसलेल्या सूनबाईंना माहेरून आलेला फोन सासरच्या साऱ्या मंडळींस मोठ्या आवाजात ऐकू येतो. नकाशाखातर घरात तंटा नको. जो चालवील त्याचाच फोन जोडलेला असावा, बाकीच्यांची नावे सेटमधून पुसून टाकावीत. ती कोठून पुसावयाची, हे फिटरकडून त्याची मजुरी देण्यापूर्वीच करवून पाहावे.