अहवालात न छापलेला आकडा

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असे आले की आपल्यापैकी बहुतेकांचे बोलणे ठरलेले असते: “तेलकट कमी करा, रोज चाला, सहा महिन्यांनी बघू.” रुग्ण निर्धास्त होऊन जातो आणि आपण पुढच्याला आत बोलावतो. पण त्या ग्रेडवरून कळले काय? यकृतात चरबी किती दिसते, एवढेच. माणसाचे पुढे काय होणार हे मात्र चरबीपेक्षा यकृतात पडलेल्या व्रणावर, फायब्रोसिसवर ठरते. वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या अभ्यासांनी हे वारंवार दाखवले आहे. शिवाय व्रण वाढत गेला की चरबी ओसरूही शकते. सिरोसिस झालेल्या यकृतात कधीकधी ती जवळपास उरत नाही. त्यामुळे ग्रेड उतरला ही दर वेळी चांगली बातमी नसते.

समजा, टेबलावर एक कागद आहे. वय ५४, मधुमेह आठ वर्षांचा. एसजीओटी ५२, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ५६ हजार. एसजीओटीचा आकडा तेवढा ठळक छापलाय, बाकी सगळे मर्यादेत. आता वयाला एसजीओटीने गुणा: २८०८. प्लेटलेट हजारांत घ्या, म्हणजे १५६, आणि त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने, म्हणजे ६ ने गुणा: ९३६. भागाकार येतो ३. हा फिब-४. तो १.३ च्या खाली असता, तर पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस बहुधा नाही असे म्हणता आले असते. २.६७ च्या वर गेल्यावर मात्र हा रुग्ण सहा महिने थांबवून ठेवायचा नाही, फायब्रोस्कॅनसाठी आणि यकृततज्ज्ञाकडे पाठवायचा. त्याच्या सोनोग्राफीत ग्रेड १ असला तरीही.

हे सूत्र २००६ साली एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांवरून बसवले गेले, आणि आज फॅटी लिव्हरच्या पहिल्या चाळणीसाठी जगभर वापरले जाते. पस्तिशीच्या आत त्यावर विसंबू नये. पासष्टीनंतर खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरावी. आणि आपल्याकडे पावसाळ्यात विशेष सांभाळायचे ते हे, की डेंग्यू-मलेरियाच्या तापात प्लेटलेट घसरलेल्या आणि एसजीओटी चढलेले असताना हे गणित करूच नये. ताप उतरून रक्त सावरल्यावर करावे.

हा आग्रह एवढ्यासाठी, की व्रण म्हणजे कायमचा डाग ही आपण शिकलेली समजूत आता टिकत नाही. १८७६ साली कुप्फरने पाहिलेल्या ताराकृती पेशी, आजच्या स्टेलेट पेशी, एरवी ‘अ’ जीवनसत्त्वाचे थेंब पोटाशी धरून निवांत असतात. इजा चालू राहिली की त्या ते थेंब गमावतात, आकुंचन पावू लागतात आणि कोलॅजन विणत सुटतात. इजा थांबली की त्यांतल्या काही मरतात, काही पुन्हा निवांत होतात आणि विणलेले कोलॅजन हळूहळू विरघळू लागते.

याचा एक पुरावा आपल्या पुण्यातच आहे. लहान मुलांचा सिरोसिस एकेकाळी इथल्या बालरोगतज्ज्ञांची झोप उडवत असे. केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश सहकारी डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या, साठवलेल्या दुधाकडे बोट दाखवले. दुधातून तांबे तान्ह्या बाळाच्या यकृतात जात होते. भांडी बदलली, आजार ओसरला. आणि ज्या मुलांना वेळेत पेनिसिलामाइन मिळाले, त्यांतल्या वाचलेल्यांच्या पुढच्या बायोप्सींत काहींचे यकृत जवळजवळ पूर्ववत झालेले दिसले. स्वयंपाकघरात जाऊन केलेले हे संशोधन आपल्या विद्यार्थ्यांना आजही आवर्जून शिकवायला हवे.

हिपॅटायटिस बीमध्येही तेच दिसले. टेनोफोव्हिरच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीला सिरोसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांच्या बायोप्सीत पाच वर्षांनंतर सिरोसिस उरला नव्हता. ज्यांचा हटला नाही, त्यांच्यात वजन जास्त असलेल्यांचे प्रमाण अधिक होते. विषाणू आवरला तरी चरबी यकृताला सावरू देत नाही, असाच याचा अर्थ मला दिसतो. म्हणून फॅटी लिव्हरच्या प्रत्येक रुग्णाची एकदा तरी बी आणि सीची तपासणी व्हावी, आणि बीच्या प्रत्येक रुग्णाचे वजन व साखर आपल्या वहीत असावी.

औषधांबाबत उतावीळ होऊ नये. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला फॅटी लिव्हरच्या आजारासाठी मान्यता मिळाली, दोन्ही एफ२-एफ३ टप्प्यांसाठी. रेस्मेटिरोमने सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत फायब्रोसिस एक टप्पा तरी उतरला. पण नुसत्या प्लासिबोवरही १४ टक्क्यांत तो उतरलेला दिसला. बायोप्सीचा तुकडा यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग असतो, हे असे निकाल वाचताना ध्यानात ठेवावे. दुसरीकडे, क्यूबात २९३ रुग्णांवर झालेल्या वर्षभराच्या अभ्यासात ज्यांनी वजन दहा टक्के वा अधिक घटवले, त्यांतल्या ४५ टक्क्यांचा फायब्रोसिस मागे हटला. एवढे वजन घटवणारे तिथेही थोडेच होते, आणि आपल्या रुग्णांना ते घटवता यावे यासाठी आपण दवाखान्यात किती मिनिटे देतो हा प्रश्न मला छळतो.

तर वरच्या कागदातला माणूस समजा ८२ किलोंचा आहे. त्याला ‘वजन कमी करा’ एवढेच सांगून सोडू नका. ‘आठ किलो, वर्षभरात’ असे सांगा, केसपेपरवर फिब-४ च्या शेजारी लिहा, आणि पुढच्या भेटीची तारीख देऊनच त्याला उठू द्या.