तिसरा पक्ष म्हणजे आपण



विम्याच्या व्यवहारात तीन जण असतात. पहिला पक्ष गाडीचा मालक. दुसरा पक्ष विमा कंपनी. आणि तिसरा पक्ष, रस्त्यावरचा कुणीही. पायी चालणारा, हातगाडी ओढणारा, पहाटे पाव-दूध पोचवणारा, पाळी चुकू नये म्हणून छाती फुटेस्तोवर पायडल मारणारा गोदी कामगार. या तिसऱ्याचं नाव पॉलिसीवर कुठंच नसतं. पण सक्ती असते ती त्याच्यासाठीच. स्वतःच्या कारची काच फुटली, पत्रा चेपला, त्याचा विमा उतरवायचा की नाही ही मालकाची मर्जी. तिसऱ्या पक्षाच्या विम्यात मर्जीबिर्जी नाही. 1939 च्या मोटार वाहन कायद्यानं ही सक्ती आणली, 1988 च्या कायद्यात ती कलम 146 म्हणून आहे. कारण सरळ आहे. इंजिन ज्याच्या बुडाखाली, जोखीम त्याची.

म्हणजे कारनं आपल्या चुकीनं सायकल मोडली तर भरपाई मागणं ही भीक नव्हे. त्यासाठीचा हप्ता आधीच भरलेला आहे, तो आपल्याच जिवाच्या नि मालाच्या नावानं.

पण रस्त्यावर काय होतं? काच खाली होते. पाचशेची नोट बाहेर येते. 'घे, रिपेर करून घे. चल, हट बाजूला.' जमलेली गर्दीही म्हणते, घे बाबा, मोठ्यांच्या नादी कशाला लागतो. आणि आपण नोट उचलतो. गावात आपल्या बापजाद्यांना शिळ्या तुकड्याला 'हक्क' म्हणायला लावलं. शहरात आता हक्कालाच 'बक्षिशी' म्हणतायत. शब्द फिरले, हात तोच राहिला. वरचा वर, खालचा खाली.

गेल्या पावसाळ्यात मी शिवडीहून सकाळच्या पाळीला चाललो होतो. एका कारनं मला ओलांडलं आणि लगेच माझ्या पुढ्यातून डावीकडं घेतली. चिमटा वाकला, रिम आऊट झाली, आरे तुटले, माझं कोपर सोलून निघालं. नोट आली. मी घेतली नाही. नंबर लिहिला, मोबाइलवर फोटो काढले, चौकी गाठली. हवालदारसाहेबांना हसू आलं. 'सायकलीपायी केस? अख्खी सायकल कितीची रे तुझी?' तासभर बाकड्यावर बसवलं, मग नोंद घेतली.

पुढं कंपनीचा माणूस भेटला. गोड बोलला. 'खरेदीची पावती?' जुन्या बाजारातनं घेतलेल्या सायकलीला कसली पावती? मग म्हणाला, जुना माल, घसारा जाता भंगाराचा भाव येतो. आठशे रुपये. आणि एक छापील कागद सरकवला, 'पूर्ण व अंतिम समाधान'. सही ठोकली की विषय मिटला. मी सही केली नाही. अर्ज आता न्यायाधिकरणापुढं आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल.

पण या 'घसारा' शब्दाकडं जरा नीट बघा. कंपनीनं लोखंड मोजलं. माझे बुडालेले रोज कुणी मोजले? सायकल बंद म्हणून रोज मोडलेलं भाडं? कोपराच्या पट्टीचा खर्च? कारवाल्याला कार ही सोय आहे. सायकल आपलं हत्यार आहे. ती मोडली की चूल थंड होते. भंगाराच्या काट्यावर हे वजन येत नाही. ते आपणच कागदावर लिहून दाखवावं लागतं. म्हणून आता कविता बाजूला ठेवून रोकडं बोलतो.

गाडीचा नंबर घ्या. सायकल हलवण्याआधी फोटो घ्या. पंचनाम्यात सायकलीचं नुकसान तपशिलानं लिहायला लावा, आणि लिहिलेलं वाचूनच सही करा. पावती नसली तरी घाबरू नका. सायकलीच्या सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो, तो नोंदवा. सायकल आपलीच, हे सांगणारे शेजारी आहेत, नाक्यावरचा दुरुस्तीवाला आहे. त्याच्याकडून खर्चाचा अंदाज सहीनिशी घ्या. मुकादमाकडून बुडालेल्या रोजांची चिठ्ठी घ्या. डॉक्टरचा कागद जपा. गाडीचा विमा कुठल्या कंपनीचा हे कलम 160 प्रमाणे पोलिसांना किंवा आरटीओला सांगावं लागतं. अंगाला मार असेल तर पहिला अपघात अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाकडं धाडणं हे पोलिसांचं काम आहे, हे 2022 चे नियम सांगतात. तो उपकार नव्हे.

अर्ज करायचा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, कलम 166 खाली. जखमी माणूस जसा अर्ज करू शकतो तसाच मोडलेल्या मालाचा मालकही. आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो चालतो. 1 एप्रिल 2022 पासून त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात भांडण चालू झालं, पण त्या भरवशावर कुणी झोपू नये. खाजगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेसाठी 7,50,000 रुपयांपर्यंत तरतूद असते. आणि तुम्हाला आठशेवर वाटेला लावतात! कारला विमाच नसेल तर मालकाच्या खिशातून वसुली होते.

वकिलाला पैसे नाहीत? 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 वाचा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, बाईला, औद्योगिक कामगाराला वकील फुकट मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात एक अर्ज टाकायचा. किती जणांनी टाकला आजवर? हा दरवाजा आपल्यासाठी उघडा आहे हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, कारण सांगून त्यांचा काय फायदा?

आता कायद्याचं भोक. गाडी ठोकून पळाली, नंबर मिळाला नाही, तर सरकारी योजनेत मृत्यूला 2,00,000 आणि गंभीर दुखापतीला 50,000 रुपये आहेत. 2022 च्या आधी हेच आकडे 25,000 आणि 12,500 होते. आणि सायकलीला? शून्य. हाड मोडलं तर भाव आहे, हाडं जिच्यावर जगतात तिला भाव नाही. कष्टकऱ्याची सायकल, हातगाडी या योजनेत धरलीच पाहिजे, ही आमची मागणी आहे. चौकीत सायकलीची नोंद टाळणाऱ्याला जाब विचारला पाहिजे, हीही.

मागण्या कुणी ताटात वाढून देत नाही. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक नाक्यावर दोन पोरं तयार करा, ज्यांना अर्ज लिहिता येतो आणि चौकीत बसायची भीती वाटत नाही. मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण त्याला पुरतं, हे मी अनुभवानं सांगतो. धडक बसली की त्यांना हाक मारा. पुढच्या वेळी काच खाली होऊन नोट बाहेर आली तर तिच्याकडं बघूही नका. गाडीचा नंबर बघा.