वाद्य नवे, ठेका कोणाचा?

स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्याकडे एक वाद हटकून रंगतो. आधुनिक संगीतासाठी अरेंजर कीबोर्ड चांगला की सिंथेसायझर? दोन्ही दिसायला सारखेच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. परंतु दोहोंचा स्वभाव अगदी भिन्न आहे.

अरेंजरवर डाव्या हाताने कॉर्ड धरली की ड्रम, बेस, गिटार असा सारा ताफा तिच्यामागून चालू लागतो. ही 'स्टाइल' कारखान्यातच भरलेली असते. सिंथेसायझरचे मुख्य काम निराळे. ऑसिलेटरने ध्वनिलहर निर्माण करायची, फिल्टरने ती छाटायची आणि सूर कसा उमटावा, कसा विरावा, हे एन्व्हलपने ठरवायचे. थोडक्यात, आवाज स्वतः घडवायचा.

अरेंजर म्हणजे नक्कल आणि सिंथेसायझर म्हणजेच कला, असे कित्येकांना वाटते. मला ते मान्य नाही. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मी अरेंजर वाजवतो आणि त्या पैशातून फी भरतो. चार वादकांचे मानधन ज्याला परवडत नाही, त्याच्या मांडवातही या वाद्यामुळे गाणे उभे राहते. त्याला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा होईल.

पण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. माझे चुलते ढोलकी वाजवीत. ठेका यंत्रात तयार मिळू लागला आणि त्यांना सुपारी येईनाशी झाली. यंत्राचा ठेका चुकत नाही, हे खरे. पण गायिकेने ओळ लांबवली तर तो थांबतही नाही. चुलते थांबत.

१९८२ साली मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ठेका यंत्राचाच होता, पण यंत्र त्यांच्या कल्पनेमागून चालत होते. तेव्हा त्या ध्वनिमुद्रिकेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि परदेशातही तिची वाखाणणी झाली.

म्हणून माझे मत असे : साथीला कोणीच नसेल तेथे अरेंजर जरूर घ्यावा. पण काही नवे करावयाचे असेल तर सिंथेसायझरकडे वळावे. तो विकत घेणे जमले नाही, तरी संगणकावर त्याचे काम करणाऱ्या काही प्रणाली विनामूल्य मिळतात. यंदाच्या संमेलनात एक तरी गाणे असे बसवू या, की ज्यात सूर आपण घडवलेला असेल आणि ठेका धरायला माणूस असेल.

ढोलकीवाला मी आणतो.