हृदयातली गाठ दुर्मिळ असेल, पण हक्क दुर्मिळ कसा?

"हृदयाचा एमआरआय? चकलांब्याच्या माणसाला तो कशाला लागतो?" हा प्रश्न व्यवस्था विचारते, म्हणून आधी उत्तर देऊ.

हृदयातच सुरू होणाऱ्या गाठी दुर्मिळ असतात, हे खरे. दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर हृदयात पसरणे त्याहून जास्त आढळते. संशय आला की पहिली तपासणी इकोची. पण इकोत दिसलेला गोळा गाठ आहे की रक्ताची गुठळी, हे दर वेळी कळत नाही. गुठळी असेल तर रक्त पातळ करणारी औषधे. मिक्सोमा असेल तर ऑपरेशन, कारण त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा होतो. कॅन्सर असेल तर उपचार आणखी वेगळे. हा फरक करायला एमआरआय लागतो. गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिल्यावर रक्तपुरवठा असलेली गाठ उजळते, गुठळी बहुधा काळीच राहते. क्ष-किरण नाहीत, चिरफाड नाही.

म्हणजे प्रश्न चैनीचा नाही, चुकीचे औषध टाळण्याचा आहे.

मित्रांनो, ४ ऑगस्ट १९२३ चा बोले ठराव आठवा. त्यात पाणवठे, विहिरी, शाळा, कोर्ट यांच्यासोबत सरकारी दवाखानेही होते. ठराव कागदावरच राहिला, म्हणून १९२७ ला महाडला जावे लागले. आज दवाखान्याचे दार उघडे आहे, पण आतली तपासणी पैसेवाल्याची. दाराला जात अडवत नाही म्हणून समता आली असे समजायचे का?

बीडचा ऊसतोड मजूर उचल घेऊन कारखान्यावर जातो. एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात. त्याने गेवराई, बीड, संभाजीनगर असे किती हेलपाटे मारायचे? संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. सरकारी दवाखान्याने तातडीचे उपचार नाकारणे हा कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले.

मशीनच्या उद्घाटनाच्या फोटोवर भुलू नका. धडधडत्या हृदयाचा स्कॅन ईसीजीशी जुळवून घ्यावा लागतो आणि तो वाचणारा तज्ज्ञ रेडिओलॉजिस्टही लागतो. म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाका: आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या वर्षी हृदयाचे किती एमआरआय झाले? किती मोफत? ते वाचणारे पद भरले आहे का?

उत्तर हातात आले की मोर्चाचे निवेदन त्यावरच लिहा.

जय भीम!