काकडीला काकडी म्हणा

कोपरगावच्या स्टेशनाबाहेर पाऊल पडतं न पडतं तोच हाक येते, ‘शिर्डी, शिर्डी, शिर्डी!’ ‘बेट, बेट’ अशी कोपरगावातल्याच जागेची हाक मी उभ्या जन्मात ऐकलेली नाही. रिक्षावाल्यांवर माझा राग नाही, त्यांना पोट आहे. राग आहे तो ‘स्थानिक अस्मिता जपणारं शाश्वत पर्यटन’ असं फ्लेक्सवर छापणाऱ्या शहाण्यांवर. फ्लेक्स दोन पावसाळे टिकत नाही, आणि त्यावर शब्द कोणता? शाश्वत!

संयुक्त राष्ट्रांनी २०१७ हे शाश्वत पर्यटनाचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला आमच्या तालुक्यातल्या काकडी गावात विमानतळ सुरू झाला. जमीन काकडीची, विमानांचा गोंगाट काकडीच्या कानांत, नाव मात्र शिर्डीचं. ज्यांना गावाचं नाव पाटीवर लिहवत नाही, ते गावाची अस्मिता जपणार? कुणाला बनवताय?

साईबाबांशी माझं भांडण नाही. भिक्षा मागून जगलेल्या फकिराच्या नावावर तारांकित हॉटेलं बांधणाऱ्यांशी आहे.

दुसरं खूळ ‘आय लव्ह अमुकगाव’ या ठोकळेबाज अक्षरांचं. गावोगावी तीच अक्षरं, तेच लाल बदाम. ॲमस्टरडॅमने आपली तसलीच अवाढव्य अक्षरं २०१८ च्या डिसेंबरात संग्रहालयासमोरून उचलून नेली; फोटोवाल्यांची गर्दी त्यांना झेपेना. त्यांनी टाकलेलं आम्ही डोक्यावर घेतो आणि त्याला स्थानिक म्हणतो. अक्कल गहाण टाकली की काय?

आमच्याकडे दाखवायला काय आहे ते ऐका. ‘अटकेपार झेंडे’ हा शब्दप्रयोग ऊठसूट वापरता ना? १७५८ ची ती मोहीम ज्याच्या नावावर आहे, तो राघोबादादा १७८३ साली इथे कोपरगावात वारला. गाडीच्या काचेतून कोपरगाव पाहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

आणि बेट! गोदाकाठचं शुक्राचार्यांचं देऊळ. कचाने गुरू शुक्राचार्यांकडून संजीवनी विद्या मिळवली ती इथेच, असं आम्ही मानतो. शुक्राचा अस्त असला की पंचांग लग्नं बंद करतं. बेटात मुहूर्तच पाहावा लागत नाही. ज्याचा अस्त मोजायचा, तो इथे घरीच बसलेला! मग ऐन उन्हाळ्यात तिथे मांडव पडतो, ताशा कडाडतो, घामाघूम मामा नवरीला पुढे घालून गर्दीतून वाट काढतो, आणि कुणाची तरी मावशी पंगतीवर खेकसते, ‘अरे, वऱ्हाडाला पाणी द्या की!’ हे कुठल्याही सल्लागाराने आखून दिलेलं नाही. आमच्या आज्यापणज्यांची लग्नं अशीच लागली.

कच गुरूच्या पोटात गेला, पण विद्या घेऊन पोट फाडून बाहेर आला. कोपरगाव शिर्डीच्या पोटात गेलं, आणि आमचे पुढारी आत बसून टाळ्या वाजवतायत. त्यांनी आधी विमानतळाच्या पाटीवर ठळक अक्षरांत ‘काकडी’ लिहावं, आणि गोदावरीत गावाची गटारं सोडणं थांबवावं. मग खुशाल अस्मितेवर भाषणं ठोकावीत.

तुम्ही मात्र शिर्डीला जाताना बेटात उतराच. लग्न चालू असेल तर जेवूनच निघा. कुणाकडचे, असं कुणी विचारत नाही, ताट वाढतात.