आडनाव आणि कूळ

मानखुर्दपासून बोरिवलीपर्यंत विखुरलेल्या ईस्ट इंडियन कुटुंबांची परेरा, डिसोझा ही आडनावे ब्राझीलमध्येही आढळतात. परंतु तेवढ्यावरून या कुटुंबांना पोर्तुगीज वंशाचे मानणे सयुक्तिक नव्हे. १५३४ च्या वसईच्या तहाने येथे पोर्तुगीज सत्ता आली आणि धर्मांतरितांना बाप्तिस्म्यासमयी बहुधा पाद्र्याचे वा धर्मपित्याचे आडनाव मिळाले. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव तर समाजाने १८८७ मध्ये स्वतः स्वीकारले. आडनाव धर्मांतराची साक्ष देते, कुळाची नव्हे. कुळाचा माग बोलीत आणि लग्नातील ‘उंबराचं पाणी’सारख्या विधींत शोधावा लागेल. या समाजाची लग्नगीते मराठीच आहेत. ती केवळ समाजशास्त्राची सामग्री नव्हेत. मराठी विभागांनी, गाणारी पिढी हयात आहे तोवरच, त्यांचे संकलन करून वाङ्मयेतिहासात त्यांना स्थान द्यावे.